नवसाची पाच घरं

नवस बोलताना जीभ जरा आवरायला पाहिजे होती, हे राजूबाईला आता कळत होतं. नारळ बोलली असती, खण बोलली असती, फार तर मी अनवाणी चालत येईन म्हणाली असती, तर एव्हाना मोकळी झाली असती. पण काशप्पाच्या दुकानातल्या रेडिओवर लढाई पेटल्याचं ऐकलं आणि बाई तिथंच उभ्या उभ्या बोलून बसली, "दत्ता महाराजा, माझा राघू धडधाकट येऊ दे. त्याच्याच हातानं गाणगापुरात पाच घरं माधुकरी मागायला लावीन." त्याच्याच हातानं! आता बोला.

राघू आला, आणि तोही वीरचक्र घेऊन. मादन हिप्परगा गावानं त्याला बैलगाडीतून वाजतगाजत मिरवलं, आळंदहून तहसीलदार येऊन हार घालून गेले. राघूचा बाप भगवानराव तर जमिनीवर राहिलाच नाही. सहा वर्षांखाली ह्याच माणसानं "फौजेत गेलास तर मला मेलास" म्हटलं होतं आणि पोरगं भरल्या ताटावरून उठून गेलं होतं. तोच आता पारावर बसून आमचं रगतच तसं हाय म्हणून सांगत होता. रगत म्हणे! ह्या घरात आजवर कुणी गोफणीपेक्षा मोठं हत्यार हातात धरलं नव्हतं.

नवसाचं नाव काढलं तसा तो उसळला.

"वीरचक्रवाल्याच्या खांद्याला झोळी? आगं, आपल्या घरानं दुष्काळात पेव उघडून गावाला ज्वारी वाढलीय. मागितली न्हाई कधी. माझं नाक कापायलीस का?"

"मग देवाला काय सांगू?"

"सांग की, पोरगं आता सरकारचं हाय."

सोमवारी राघूची रजा संपत होती. नवस फेडल्यावाचून पोरगं परत बंदुकांपुढं गेलं आणि दत्तानं तोंड फिरवलं तर? त्या विचारानं राजूबाईला चुलीपुढं बसवेना, अंगणात उभं राहवेना.

त्यात पोराचं जेवण. राघू ताटावर बसायचा, दोन घास नीट खायचा. ही मीठ आणायला म्हणा, तूप आणायला म्हणा, उठली रे उठली की तोही ताट सारून उठायचा. अर्ध्या भाकरीवर हात धुवायचा आणि मग शेताच्या बांधावर ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत येरझारा घालायचा. "कामून उठलास रे?" म्हटलं की "पोट भरलं." राजूबाईला वाटायचं, बापावरचा जुना राग अजून ताटातच बसलाय.

शनिवारी तिनं मनाचा हिय्या केला. राघूला विहिरीवर गाठलं आणि नवस जसाच्या तसा सांगून टाकला. तो नाही म्हणेल, म्हणून रडायची तयारीही करून गेली होती.

राघूनं विचारलं, "किती घरं?"

"पाच."

त्यानं भरलेली घागर काठावर ठेवली. मग म्हणाला, "चल. पर अप्पाला सांगू नको."

गुलबर्ग्याला नागूमावशीकडं जायलाव असं घरात सांगून रविवारी पहाटे मायलेक मोटारीत बसली. गाणगापुरात संगमावर अंघोळ झाली. राजूबाईनं स्वतः शिवलेली झोळी त्याच्या खांद्याला अडकवली आणि बाराच्या सुमाराला, दत्त स्वतः भिक्षेला फिरतो म्हणतात त्या वेळेला, दोघं गल्लीत शिरली. तो पुढं, ही दहा पावलं मागं.

पहिल्या दारात राघू नुसता उभा राहिला. त्याच्या हुकमावर दहा जवान हलत होते म्हणे, इथं तोंडातून शब्द फुटेना. आतली बाई भाताचं पातेलं घेऊन उंबऱ्यात आली. "तोंड उघड की बाबा. मागितल्याबिगर कसं वाढू?"

"भिक्षा वाढा, माय," तो म्हणाला. आवाज असा चिरकला की राजूबाईला झोळी काढून घ्यावीशी वाटली. आपण पोराला काय करायला लावलं हे!

दुसरं घर झालं, तिसरं झालं. राजूबाई पदराआड बोटं मोजत होती. चौथ्या दारात अर्धी भाकरी पडली आणि राघू सरळ वळून नदीकडं चालायला लागला.

"आरं, एक ऱ्हायलं!" ती मागं धावली. "राघू! पाच बोललेय मी, पाच! चार घरं म्हंजे देवाची चेष्टा करायलास का?"

तो थांबलाच नाही. काठावरच्या औदुंबराखाली बसला, पत्रावळीवर झोळी पालथी केली. भात, दोन भाकरी, भाकरीचा एक अर्धा तुकडा, थोडी आमटीची डाळ. राजूबाई धापा टाकत आली आणि त्याच्या खांद्यावर तिनं चापटच मारली.

"ऊठ! अजून भिक्षेची येळ टळली न्हाई."

"पाच झाली, माय."

"मला मोजता येत न्हाई व्हय रे?"

"एक तिकडं लढाईतच झालं."

मग खाली बघत तो बोलायला लागला. "धुक्यात माझी तुकडी चुकली. दोन दिवस पोटात काय न्हवतं. एका झोपडीम्होरं उभा ऱ्हायलो आन हात पसरला. म्हातारी व्हती, तुझ्याहून थोरली. तिची बोली मला कळंना, माझी तिला कळंना. तिनं भात वाढला. मी खायलो, आन तिच्या ध्यानात आलं की भातात मीठ न्हाई. तिनं अशी चिमूट करून दाखवली आन शेजारी मीठ मागायला गेली. अंगणातच पडली, माय. बांधावर दुश्मनाची मशीनगन व्हती. मला ठावंच न्हवतं. गोळ्या सुटल्या तवा मी जेवायलो व्हतो."

राजूबाई त्याच्या शेजारी बसली.

"मग गेलो आन ती मशीनगन बंद पाडली. हात उष्टाच व्हता. वीरचक्राच्या कागदावर लिवलंय, देशासाठी जीव धोक्यात घातला. देश कुठला, माय? मला त्या म्हातारीचं दुःख झालं व्हतं, राग आला व्हता. ते पयलं घर धर, आन आजची चार."

राजूबाईनं डोळ्याला पदर लावला. दत्त कुठल्या रूपात कुठल्या दारी येतो, कुणी सांगावं. पाच झाली होती. तिनं भाताचा एक मोठा घास त्या म्हातारीच्या नावानं पानावर बाजूला काढला आणि उरलेलं पोरापुढं सारलं. स्वतः चिमूटभर तोंडात घालून बघितला. शिजवणारीनं भातात मीठच घातलं नव्हतं.

"अळणी हाय रे," ती सवयीनं म्हणाली आणि गुडघ्यावर हात टेकून उठायला लागली. "समोरच्या दुकानातून मीठ आणते जरा."

राघूनं तिचं मनगट घट्ट धरलं.

"न्हाई, माय. उठू नको. तू हितंच बस."

ती बसली. राघूनं तो अळणी भात शेवटच्या शितापर्यंत खाल्ला आणि तोवर राजूबाई जागची हलली नाही.