गल्लीतला शेवटचा कूलर

मित्रांनो, नाक मुरडू नका! मी एक जुना कूलर आहे. पत्र्याचा, गंजलेला आणि गाझियाबादच्या या गल्लीतला शेवटचा. आज माझ्या डोक्यावर कांदे-बटाट्यांची टोपली नाही, म्हणून जरा ऐटीत बोलतो आहे.

माझा जन्म दिल्लीतल्या एका पत्रेवाल्याकडे झाला. हातोडीचे घाव सोसले, हिरवा रंग लावून घेतला आणि पुण्याहून नुकत्याच बदली होऊन आलेल्या मुरलीधररावांच्या घरी पोचलो. लतिकाताई मला पाहून म्हणाल्या, "अहो, हे कपाट कुठून उचलून आणलंत?" पण दुपारी खिडकीबाहेरच्या लोखंडी घोडीवर मला बसवलं, पाणी भरलं, वाळ्याच्या ताट्या भिजल्या आणि पंखा फिरला. ताई डोळे मिटून म्हणाल्या, "अगंबाई, माहेरच्या माठातल्या पाण्याचा वास!" तेव्हापासून मी घरचाच झालो.

काय दिवस होते ते! बाहेर लू, म्हणजे उन्हाळ्यातला तापलेला वारा, अंग भाजून काढायची आणि आत सगळं घर माझ्यासमोर गाद्या टाकून लोळायचं. पाहुणे आले की तेही तिथेच. पुढची जागा कोणाची यावरून रोज भांडण. त्यांची छोटी लेक अबोली तर माझ्या जाळीला तोंड लावून "आऽऽऽ" म्हणायची. पंख्यातून तिचा आवाज थरथरत परत आला की खुदूखुदू हसायची. तो आवाज मी अजून विसरलेलो नाही.

मग एसी आला. आधी एका खोलीत, मग दुसऱ्या. दारं बंद झाली, ज्याची त्याची गादी ज्याच्या त्याच्या खोलीत गेली. गल्लीत भिंतीभिंतीवर एसीचे डबे लटकले. ते आतली उष्णता बाहेर फेकत, मग गल्ली आणखी तापे, मग आणखी एसी येत. मला मागच्या बाल्कनीत ढकललं आणि डोक्यावर कांदे-बटाट्यांची टोपली ठेवली. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू?

अबोली मोठी झाली. नोएडातल्या ऑफिसात कंपनीचा धूर किती, वीज किती, ते सगळं कमी कसं करायचं, हेच तिचं काम. पण मेट्रोतून घामाघूम होऊन घरी आली की पहिला हात रिमोटवर.

"पृथ्वी ऑफिसात वाचवायची आणि घरी एसी अठरावर?" लतिकाताईंनी एकदा चिमटा काढलाच.

अबोली चिडली. "आई, मी एकटीने बंद करून काय होणार, यार? सगळी गल्ली चालू ठेवणार!"

मुरलीधरराव म्हणाले, "ते जाऊ दे. रविवारी कबाडीवाल्याला बोलावलंय. तो कूलर देऊन टाकू." माझा तर पत्राच थिजला.

"अहो, एकदा लावून बघू," ताई म्हणाल्या. "त्याच्यासमोर आपण सगळे एका खोलीत असायचो. नाही जमलं तर द्या."

रविवारी दुपारी अबोलीने मला धुतलं, नव्या ताट्या बसवल्या आणि पुन्हा खिडकीवर चढवलं. मी जीव तोडून पंखा फिरवला. पण पोरगी एसीत वाढलेली! तिने सवयीने दार लावलं, दुसरी खिडकीही लावली. खोलीत नुसता चिकचिकाट झाला.

"बेकार आहे हा," ती म्हणाली.

"अगं वेडे, याला समोरची खिडकी उघडी लागते!" ताई हसत उठल्या. खिडकी उघडली, तरी वारा गरमच. माझ्या पाठीशी हातभर अंतरावर शेजारच्या नेगी आंटींच्या एसीचा डबा होता. तो गरम वारा फेकत होता आणि मी तोच ओढत होतो. मला रडूच आलं. खाली कबाडीवाल्याची हाक ऐकू आली.

अबोलीने खिडकीतून डोकं काढून तो डबा पाहिला आणि तशीच शेजारी जाऊन बेल वाजवली.

"आंटी, थोडी देर एसी बंद करेंगी?"

"पहले तुम लोग करो, बेटा."

"हमारा तो बंद है. चलकर देख लीजिए!"

आंटींची शिस्त अशी, की दाराबाहेर पाऊल टाकताना घरची सगळी बटणं बंद करायची. तशी ती केली आणि त्या आमच्याकडे येऊन माझ्यासमोर बसल्या. हळूहळू माझ्या पाठीमागचा वारा निवला. ताट्या गार झाल्या. वाळ्याचा वास खोलीभर पसरला.

"अरे वाह, बिल्कुल पुराने दिन!" आंटी म्हणाल्या. कोणी सरबत आणलं, कोणी गादी ओढली. मुरलीधररावांनी खिडकीतून ओरडून कबाडीवाल्याला परत पाठवलं. ताईंनी पदराने डोळे पुसले.

मित्रांनो, दमट पावसाळ्यात माझं काही चालत नाही, हे मला ठाऊक आहे. मी काही जग गार करणार नाही. पण 'आधी तुम्ही, मग आम्ही' म्हणत सगळेच दारं लावून बसले, तर बाहेरची आग विझणार कशी? आपलं बटण आधी बंद करा, मग शेजारची बेल वाजवा. एवढं माझं ऐकाच.

आणि हो, त्या दुपारी सगळ्यांना डोळा लागल्यावर अबोली हळूच उठली. इकडेतिकडे पाहिलं, माझ्या जाळीला तोंड लावलं आणि म्हणाली,

"आऽऽऽ..."