दहावं पान

सर्वपित्री अमावास्येला चंद्रीबायच्या कौलांवर नऊ पानं ठेवलेली होती. मी अंगणातून दोनदा मोजली. प्रत्येकावर भात, वडा आणि भोपळ्याची भाजी. घरातल्या जुन्या माणसांची नावं मात्र तिने बोटांवर मोजली होती ती दहा.

चंद्रीबाय खरवईहून हेंद्रेपाड्यात आमच्याकडे दूध घालायची. दूध पातळ येतं असा आईला संशय होता, म्हणून नुकताच बी.एस्सी. झालेला मी लॅक्टोमीटर घेऊन तिच्या गोठ्यात गेलो होतो. दूध चोख निघालं. ओशाळून मी विषय बदलला आणि दहाव्या पानाचं विचारलं.

“तो माझा आजा, गोमा,” ती म्हणाली. “जित्या माणसाला घास ठेवत नाय.”

आगगाडीचा रस्ता बांधत होते, तेव्हा मुकादमाने एका गरोदर बाईला लाथ मारली. गोमाने हातातली पहार त्याच्या डोक्यात घातली. १८६२ साली त्याला काळ्या पाण्यावर धाडलं, तेव्हा तो सव्वीस वर्षांचा होता. हे ऐकलं ते साल १९५३.

“म्हणजे आज त्याचं वय एकशे सतरा झालं,” मी म्हणालो. “बाय, तो केव्हाच गेला असणार.”

“तू बगलंस?”

“नाही.”

“मग दुधात नळी बुडवलीस, तशी इथंपण बुडव. नुसतं बोलू नको.”

तिची आजी पस्तीस वर्षं कुंकू लावत राहिली. पाणवठ्यावर बाया म्हणायच्या, मेलेल्याचं कुंकू लावते. प्लेगच्या साली, होळीच्या दुसऱ्या दिवशी ती गेली, तेव्हा सवाष्ण म्हणून तिची ओटी भरायला गावातली एकही बाई पुढे आली नाही. चंद्रीबाय तेव्हा सोळा-सतरा वर्षांची होती.

“तवा आजा जिता होता का मेला होता, येवढंच मला पायजे,” ती म्हणाली. “आजी खोटी नव्हती, हे मरायच्या आधी कळू दे.”

मी पोर्ट ब्लेअरला पत्र पाठवलं. तीन महिन्यांनी उत्तर आलं: या नावाने शोध घेता येत नाही.

अंबरनाथच्या कारखान्यात, जिथे मी प्रयोगशाळेत नोकरीला होतो, कुणीतरी टेकचंदचं नाव सांगितलं. तो उल्हासनगरच्या तीन नंबर कॅम्पात बराकीबाहेर टाइपरायटर मांडून बसे आणि निर्वासितांचे सरकारी अर्ज लिहून देई. त्याने माझं पत्र वाचलं आणि हसला.

“बाबू, नाम से क्या मिलेगा? सरकार को नाम याद नहीं रहता, नंबर याद रहता है. पहले नंबर लाओ.”

मग मी सुट्टीच्या दिवसांत मुंबईच्या दप्तरखान्यात बसलो. अकराव्या खेपेला ठाणे जिल्ह्यातून पाठवलेल्या कैद्यांची यादी सापडली. तिच्यात चार गोमा होते. गाव, बापाचं नाव काही नाही. फक्त नंबर, उंची आणि अंगावरच्या खुणा.

“आज्याची खूण काय होती?” मी चंद्रीबायला विचारलं.

“ती मी सांगणार नाय. तू वाच.”

“अगं, सांगितलीस तर काम सोपं होईल.”

“सोपं होईल म्हणूनच नाय सांगत. पूर्वी एक मेला आला होता, मीच गोमा म्हणून. घरातल्यांनाच इचारून खूण शिकला नि अंगावर करून आला. तीन महिने जेवला नि बैल घेऊन पळाला. तवापासून आजीनं खूण कुणाला सांगितली नाय. एकट्या मला सांगितली.”

आमच्या प्रयोगशाळेत नमुन्याच्या बाटलीवर नाव नसतं, तपासणाऱ्याचं मन आधीच कलू नये म्हणून. हे मला कॉलेजात चार वर्षं घालवून कळलं. गोमाच्या बायकोला एक बैल गमावून कळलं होतं, आणि तिच्या नातीने तो नियम साठ वर्षं मोडला नव्हता. माझ्याहून चांगली तपासनीस माझ्यासमोर शेणाचे हात धूत होती.

आवाजात फरक पडू नये म्हणून मी चारही नोंदी एकाच चालीत वाचल्या. कपाळावर जखमेचा व्रण. चेहऱ्यावर देवीचे वण. उजव्या खांद्याखाली तीन समांतर ओरखडे, प्रत्येक चार इंच. डाव्या कानाची पाळी फाटलेली.

तिने चारही ऐकून घेतल्या. मग म्हणाली, “तिसरा परत वाच.”

मी वाचला.

“बिबळ्यानं ओरबाडला होता,” ती म्हणाली. “आजी सांगायची, तेल लावताना तीन बोटं बरोबर तीन खाचांत बसायची.”

तिसऱ्याचा नंबर होता ६१४८. टेकचंदने नवं पत्र टाइप केलं, त्यात नाव घातलंच नाही. उत्तर यायला चार महिने लागले. तोवर अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, जुनं पंचांग मिळवून प्लेगच्या सालातला होळीचा दुसरा दिवस काढून ठेवला होता: १९ मार्च १८९७.

पाकीट आलं तेव्हा चंद्रीबाय दूध घालायलाच आली होती. आईने पाट दिला, पण ती बसली नाही.

“आधी मनात वाच,” ती म्हणाली. “मग मला सांग. काय असंल ते सांग.”

कैदी नंबर ६१४८ तापाने मरण पावला, ती तारीख २६ नोव्हेंबर १८९७ होती. मी कागदावर महिने मांडले, दिवस मोजले, पुन्हा एकदा मोजले आणि तिला सांगितलं. आजी दोनशे बावन्न दिवस आधी गेली होती.