बदकवालीच्या पोटात काय आहे

मित्रांनो, मी लोशनची बाटली. अंगावर पिवळं बदक, डोक्यावर दाबायचा पंप, आणि बाटलीच्या मानाने वय बरंच झालेलं. घरात मला सगळे ‘बदकवाली’ म्हणतात.

कारखान्यात माझ्या पोटात लहान मुलांचं लोशन भरलं गेलं. पाण्याचा अंश असलेली वस्तू नासते, तिला बुरशी धरते. म्हणून लोशनमध्ये प्रिझर्व्हेटिव्ह घालावं लागतं. त्यात वाईट काही नाही. फक्त कोणतं, किती आणि कोणासाठी, हे पाहावं लागतं. तिथली मिश्रण करणारी बाई सोबतिणीला बजावायची, “कोवळी कातडी आहे गं, हात आखडता घे.”

या घरात आले तेव्हा बिट्टी पाळण्यात होती. आंघोळ झाली की आई मला दाबायची आणि बिट्टी पाय उडवायची. माझं कोण कौतुक! मीही जरा चढूनच गेले होते. पण बिट्टी घरभर धावू लागली तोवर माझं पोट रिकामं झालं.

बिट्टीची आत्या ब्यूटी पार्लरमध्ये काम करते. भाचीवर तिचा भारी जीव.

“वहिनी, बदकवाली टाकू नकोस हं. आमच्याकडचं क्रीम भरून देते. लोण्यासारखं आहे बघ.”

“बाळाला चालेल ना?”

“अगं, बायका तासभर पायांना चोळून घेतात. कुणाला काही झालंय का?”

तिने डबा माझ्यात उपडा केला. डब्यावर लिहिलं होतं: मोठ्यांसाठी, लावून धुऊन टाकावे. डबा कचऱ्यात गेला. माझ्यावरचं बदक तसंच हसत राहिलं. मला मात्र धडकी भरली.

त्यातलं प्रिझर्व्हेटिव्ह मोठ्यांच्या कातडीच्या मापाचं, आणि बिट्टीच्या अंगावरून ते क्रीम धुतलं जात नव्हतं, दिवसरात्र मुरत होतं. आधी कोपराच्या खळीत लाली आली. मग गुडघ्यामागे पुरळ उठलं. बिट्टी खाजवू लागली की आई घाईघाईने मलाच उचलायची. पुरळ वाढलं की लोशन वाढायचं, लोशन वाढलं की पुरळ. आगीत तेल ओतणं म्हणजे काय, ते मी रोज पाहत होते. मला तोंड आहे, पण त्यातून शब्द निघत नाही.

शेवटी आईने बिट्टीला दवाखान्यात नेलं, मला पिशवीत घालून. डॉक्टरांनी विचारलं, “नवीन काही लावलंत का?”

“छे हो! जन्मापासून हेच बदकाचं लोशन.”

आई खोटं बोलत नव्हती; रोज तेच बदक पाहून आतलं बदललंय हे ती विसरूनच गेली होती. डॉक्टरांनी बदकाकडे पाहून मान हलवली. साबण बदलला, कपडे बदलले, दूधसुद्धा बंद झालं. मी तेवढी जागच्या जागी राहिले.

मित्रांनो, हात जोडून सांगते, एका बाटलीत दुसरं काही भरू नका. भरलंच, तर वरचं चित्र आधी खरवडून काढा. घरातलं माणूस चित्रावर विश्वास ठेवतं, आणि लहान मूल माणसावर.

आज बिट्टीचा हात सोललाय. खाजवून खाजवून रक्त आलंय. बाबा हळहळत म्हणाले, “आज जरा जास्त लाव गं, बिचारीला बरं वाटेल.”

आईने मला उचललं. बिट्टीचं रडणं थांबलं. तिने स्वतःच बाही वर केली आणि हात पुढे धरला.