घरातल्या घरात सांगितलेली माहिती

रविवारी सकाळी धाकटा भाऊ आला की बहीण-भाऊ मिळून तिच्या नवऱ्याला कुशीवर वळवायची. ती पाठीखाली हात घालायची, भाऊ खांदा धरायचा. सरकारी रुग्णालयातली लिफ्ट दोर तुटून कोसळली आणि तिथे वॉर्डबॉय असलेल्या या माणसाचा कणा मोडला, तेव्हापासूनचा हा नेम. भावाने एकही रविवार चुकवला नव्हता.

हाच भाऊ त्याच रुग्णालयात माहिती अधिकारी होता. लिफ्टची शेवटची तपासणी कधी झाली, असं बहिणीने माहितीच्या अधिकारात विचारलं, तेव्हा ‘माहिती उपलब्ध नाही’ या उत्तराखाली सही त्याचीच होती. सरकारी कचेऱ्यांना हे वाक्य तोंडपाठच असतं. तिला आता त्याचा रागही येत नव्हता, नुसता शीण येत होता. तरी तिने अपील केलं होतं. सुनावणी परवा होती.

चहा घेता घेता भाऊ म्हणाला, “ताई, अपील मागे घे. साहेब माझ्या नावानं खडे फोडतायत. तुला कळायलाच हवंय ना? मी सांगतो. पण कागदावर मागू नकोस.”

“सांग.”

“तपासणी झालीच नव्हती. वर्षानुवर्षं नुसत्या सह्या झाल्या.”

“तुला कधी कळलं?”

“तू पहिला अर्ज केलास तेव्हाच.”

ती ओट्याला टेकून उभी राहिली. एवढं पोटात ठेवून हा दर रविवारी येत होता, हसून बोलत होता. भांडायचंही तिच्यात त्राण उरलं नव्हतं.

“आता तरी तपासणी झाली?”

“दोर बदललाय. बाकी व्हायचंय.”

“आणि लिफ्ट चालू आहे.”

“पेशंट वर न्यायचे कसे, ताई?”

“मग मला एकटीला सांगून काय उपयोग? मी थोडीच चढते तिच्यात? परवा सगळ्यांसमोर सांग.”

“नोकरीवर गदा येईल माझ्या. मी भाऊ ना तुझा?”

“म्हणून तर चहा दिला. अपील मागे घेणार नाही.”

आतल्या खोलीत पडल्या पडल्या नवऱ्याने सगळं ऐकलं होतं. त्याने विचारलं, “माझ्या जागी कोण लागलंय रे?”

“नवा माणूस घेतलाय, भाऊजी. चांगला आहे. नुकतंच लग्न झालंय त्याचं.”

“त्याला सांगितलंस?”

भाऊ रिकामा कप विसळायला वळला.

“आज ड्यूटीवर असेल ना तो?” नवरा म्हणाला. “मग परवापर्यंत कशाला थांबतोस?”