डाव्या गालातले खिळे

'इथे दात काढले जात नाहीत' अशी दारावर पाटी होती, आणि बाहेरच्या बाकावर नणंद अशी ऐसपैस बसली होती, जणू पाटी तिनेच लावून घेतली होती. तोंडाचे नि जबड्याचे रोग नेमके ओळखणारी ही डॉक्टर डेंटल कॉलेजात दारोदार विचारत तिनेच शोधून काढली होती. त्याआधी गल्लीतल्या दातांच्या डॉक्टरने एक दात घासून दिला होता, मलम दिलं होतं. तो डॉक्टर भावाच्या बायकोने शोधलेला. हेही नणंदेने वाटेत ऐकवून झालं होतं.

दोघींच्या मधे नवरा बसला होता. तो सोफे-खुर्च्या मढवायचा. मूठभर बारीक खिळे तोंडात टाकायचा, जिभेने एकेक ओठांवर आणायचा, चुंबकाच्या हातोडीने उचलून ठोकायचा. त्यामुळे दिवसभर त्याचं बोलणं अर्धंच ऐकू येई. ते अर्धं बोलणं समजणारी जगात आपण एकटीच, याचा बायकोला तोरा होता. लग्नापासून ती त्याच दुकानात, त्याच्याकडे पाठ करून, मशीनवर खोळी शिवत आली होती.

आणि त्याच्या गालातला पांढरा चट्टा तिला कळला तो नणंदेच्या फोनवरून. "तुला माहीत नाही होय?" त्या 'होय'ने तिच्या अंगाची लाही लाही झाली होती. आमचं आम्ही बघू, असं सांगून तिने फोन ठेवला आणि नवऱ्याला गल्लीतल्या डॉक्टरकडे नेलं. चट्टा होता तसाच राहिला.

पेशंटबरोबर एकानेच आत यायचं, असं दारातून कुणीतरी सांगितलं. दोघीही उठल्या. नवरा फरशीकडे बघत राहिला.

"ताई, तुम्ही बसा. तुमचे पाय दुखतात," बायको म्हणाली. नणंदेचे पाय ठणठणीत होते.

आत दात कोरायचं यंत्र नव्हतं, टेबलावर सूक्ष्मदर्शक होता. पिकल्या केसांच्या डॉक्टरीणबाईंनी हातमोजा चढवला आणि त्याच्या गालाच्या आतून, जिभेखालून, जबड्याच्या कडेने सावकाश बोट फिरवलं. बायकोला त्या बोटाचाही हेवा वाटला. खिळ्यांचं बायकोने सांगितलं होतं; ते अजून याच गालात ठेवता का, असं बाईंनी विचारलं. त्याचं तोंड उघडंच धरलेलं होतं. बायकोने पटकन सांगून टाकलं, हो, डावीकडेच, आज सकाळीही होते.

मग हे घासून झालेलं असू शकेल, बाई म्हणाल्या. खिळे बंद करा, दोन आठवड्यांनी बघू. बायकोचा जीव भांड्यात पडला. बाहेर जाऊन नणंदेला हे कोणत्या शब्दांत सांगायचं, तेही तिने मनात जुळवलं.

नवऱ्याने ओठ पुसले.

"डावीकडे नाही ठेवत," तो म्हणाला. "गेल्या उन्हाळ्यात झोंबायला लागलं, तेव्हापासून उजवीकडे ठेवतो."

बाईंचा हात थांबला. घासणं कधीचंच थांबलंय आणि चट्टा तसाच, तर वाट बघण्यात अर्थ नव्हता. त्यांनी तुकडा काढून तपासायची तयारी सुरू केली.

"ताईंना माहीत होतं?" बायकोने हळूच विचारलं.

त्याने मान डोलावली. "ताई ओरडून मोकळी होते. तू गप्प होतेस. तू गप्प बसलीस की माझा हात चालत नाही."

यावर तरी गप्प बसायचं नाही एवढं तिला कळलं.

तपासणीत कॅन्सर निघाला, नुकताच सुरू झालेला. ऑपरेशनने जाईल, बाई म्हणाल्या, वेळेत आणलंत. 'आणलंत' म्हणताना त्या दारात उभ्या नणंदेकडे बघत होत्या.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी त्याला एक खुर्ची पुरी करायची होती. सकाळीच बायकोने शिवणयंत्र फरफटत फिरवून तोंड त्याच्याकडे केलं होतं. खिळे आता वाटीत होते आणि वाटी नणंदेच्या मांडीवर. ती एकेक खिळा पुढे करायची, तो ठोकायचा आणि बोलायचा. रिकाम्या तोंडाने तो इतकं स्वच्छ बोलत होता की रस्त्यावरच्या कुणालाही कळलं असतं. बायकोला ते ऐकवेना.

"ऑपरेशननंतर बोलणं अडखळेल म्हणे याचं," नणंद म्हणाली आणि हातातला खिळा तिने वाटीत परत टाकला. "काय बोलतोय ते कुणाला कळायचं?"

बायको मशीनवरून उठली. नणंदेच्या मांडीवरची वाटी तिने उचलली.

"मला कळेल," ती म्हणाली आणि तिने त्याच्यापुढे खिळा धरला.