उतरवण्याची खूण

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. त्या अंधारात मला बाबांचा हात दिसला होता.

तळवा जमिनीकडे वळलेला, बोटं जुळलेली; पडद्याच्या निळसर उजेडात तो हात संथपणे खाली येई, वर जाई, पुन्हा खाली येई. ‘उतरव’ म्हणून सांगणारी ती खूण. भिलाईच्या कारखान्यात क्रेनखाली उभं राहून, अशा खुणांनी टांगलेलं लोखंड उतरवून घेण्यात बाबांचा जन्म गेला. तिथल्या गर्जनेत शब्दाला स्थान नव्हतं. पुढे ती गर्जनाच कानांत साचली आणि त्यांना ऐकू येईनासं झालं. मग घरीही हातच बोलू लागले. भट्टीचा तापलेला स्लॅग, म्हणजे लोखंडाची वितळलेली मळी, ओतला की आमच्या रुआबांधा वस्तीचं आकाश क्षणभर तांबूस होई. त्या उजेडात, अंगणात उभं राहून, ते मला खुणा शिकवत. खूण दिसली की वर क्रेनमध्ये बसलेल्यानं हात उंचावून पोच द्यायची, हा नियम.

“पोच नाही भेटली तर खालच्यानं काय समजाव? वर कोणी नाहीच म्हणून,” ते म्हणत.

आणि हा बहिरा माणूस सिनेमाचा विलक्षण शौकीन. पॉवर हाऊस भागातल्या जुन्या टॉकीजमध्ये खुर्च्यांची अख्खी रांग एकाच लोखंडी पट्टीवर ठोकलेली होती. कुणी हसलं की ते हसू पट्टीतून वाहत येई, खुर्चीच्या हातावर टेकलेल्या बाबांच्या पंजात शिरे, आणि सगळ्यांच्या मागून, किंचित उशिरा, त्यांचा चेहरा उजळे. कुणी हुंदका आवरला तरी त्यांना कळायचं. बाजूचं दार कुणी उघडलं की चैत्रातलं ऊन तलवारीसारखं आत घुसे, लोक शिव्या घालत, बाबा त्या शिव्यांनाही हसत.

“मले बहिरा कोण म्हणते बे? अख्खी लाईन मले पिक्चर सांगते.”

ती टॉकीज बंद पडली. मल्टिप्लेक्समध्ये त्यांना मीच नेलं. मुलीचं लग्न ठरत होतं, नागपूरचे होणारे व्याही आले होते, आणि मला आमची ऐपत दाखवायची होती. तिथली प्रत्येक खुर्ची स्वतःपुरती, मऊ, एकाकी. कुणाचं हसू तिथं शेजारच्यापर्यंत पोहोचत नाही. मीच खुर्चीचं बटन दाबून, पायाखालची गादी वर करून, बाबांचे पाय उचलून दिले. बटन कुठं आहे ते मात्र दाखवलं नाही. बऱ्याच वेळानं त्यांनी खुर्चीचा हात चाचपला, पंजा दाबून धरला, वाट पाहिली. काहीच आलं नाही. मग पाय खाली घेऊ पाहिले, तेही जमेना. तेव्हा त्यांनी माझ्याकडे वळून ती खूण केली.

माझ्या एका बाजूला बाबा, दुसऱ्या बाजूला व्याही. सकाळीच बाबांच्या चढ्या आवाजावर त्या मंडळींनी एकमेकांकडे पाहिलं होतं. आता मी वळलो तर ते अख्ख्या हॉलला ऐकू जाईल असं बोलणार, हे मला ठाऊक होतं. मी पडद्यावर नजर खिळवली. हातभर अंतरावर माझा बाप अधांतरी लटकत होता, आणि मी माझ्या खुर्चीत त्यांच्याहून घट्ट अडकलो होतो.

इंटरव्हलला दिवे लागले. बायकोनं धावत येऊन बटन दाबलं, त्यांना ओठ वाचता येतील अशी समोर वाकली. “मामाजी, यायले हात तरी दाखवायचा.”

“दाखवला ना वो बाई. अंधारात त्याले काय दिसते.”

“दिसलंच नाही,” मी म्हणालो, मान हलवत. व्याही हसले. मीही हसलो. बाबा माझ्या तोंडाकडे बघत राहिले.

त्यानंतर त्यांनी मला कुठलीच खूण केली नाही. पाणी हवं असलं तर उठून घेत. शेवटच्या आजारात दवाखान्यातल्या पलंगाची उशाकडची बाजू उंच केलेली होती. तिथं बसून मी त्या हाताकडे पाहत राहिलो, कधी तळवा खाली वळेल म्हणून. तो चादरीवर स्वस्थ पडून होता. वर कोणी नाही हे एकदा कळलेल्या माणसाचा हात.

काळ पुष्कळ काही पुसतो म्हणतात. माझ्यासाठी त्यानं सगळे सिनेमे पुसले आणि तो निळा उजेड तेवढा ठेवला. त्यात तो हात अजून संथपणे खाली येतो. मी त्यांना एक पोच देणं लागतो: दिसलं होतं, बाबा.