चैत्र वद्य त्रयोदशीचं पाणी

काशीला जायचं, काशीला जायचं म्हणत माणसं म्हातारी होतात. देवव्रत देशकरला सरकारने तिशीतच काशीला धाडलं, आणि तो बिचारा 'नागपुरास जावे, नित्य वदावे' असा जप करू लागला. नद्यांचं पाणी तपासणाऱ्या कार्यालयात तो केमिस्ट होता. बायको स्वरदा नागपुरात शाळेत शिकवायची. तीन वर्षांची मालविका त्याच्याशी फोनवर खूप बोलायची, पण समोर आला की आईच्या मागे लपायची. हे त्याला फार लागायचं. बदली हवी होती ती एवढ्यासाठीच.

त्याच्या वाट्याला आली होती वरुणा. ही नदी पावसाळ्यात नदी असते, दिवाळीनंतर रोडावते, आणि उन्हाळ्यात तिच्यातून वाहतं ते गावच्या मोऱ्यांनी दिलेलं दान. अशा नदीचा अहवाल चांगला यावा कसा? पण वारुणी पर्वाला भाविक तिच्या गंगेशी होणाऱ्या संगमावर स्नानाला येतात, म्हणून एक दिवस कालव्याचं पाणी वरुणेत सोडायचा बेत वरच्या मंडळींनी केला होता. पुण्य भाविकांना, आकडे कार्यालयाला. साहेबांनी देवव्रतला आत बोलावून हळूच सांगितलं, "चैत बदी तेरस को नहर खुलेगी. उसी दिन सैंपल भर लेना. रिपोर्ट अच्छी आई तो आपका तबादला मैं खुद करवाऊँगा."

असल्या गोष्टी साहेब लिहून देत नसत, हा त्यांचा मोठा गुण. देवव्रतने भोसले घाटाजवळच्या आपल्या खोलीवर येऊन नागपूरहून आणलेल्या कॅलेंडरात चैत्र वद्य त्रयोदशी शोधली. ती पाडव्यानंतर बऱ्याच दिवसांनी होती. म्हणजे पाडवा घरी करता येणार! तो पाडव्याच्या तीन दिवस आधी रात्रीच्या गाडीने नागपूरला गेला, गुढी उभारली, श्रीखंड ओरपलं. दुसऱ्या दिवशी मालविका आपण होऊन त्याच्या मांडीवर येऊन बसली. अहवाल चांगला आला की बदली झालीच म्हणून समज, असं त्याने स्वरदाला सांगून टाकलं. इकडे साहेबांना वाटलं, गडी काम उरकूनच गेला. सरकारी अहवाल महिनाभर आला नाही, तर त्याला कोणी उशीर म्हणत नाही.

त्रयोदशीला देवव्रत बाटल्या घेऊन वरुणेवर गेला. पात्राला भेगा पडल्या होत्या, मधून एक काळी धार जात होती आणि तिच्यावर फेस होता. भाविक औषधालाही नव्हता. देवव्रत थोडा घुटमळला. पण साहेबांनी सोडलेलं पाणी असंच असेल, आणि त्याला चांगलं म्हणायची व्यवस्थाही त्यांनीच केली असेल, असा विचार करून त्याने नाकाला रुमाल लावला आणि बाटल्या भरल्या. त्या लखनऊच्या प्रयोगशाळेत गेल्या आणि आकडे तिथून थेट संकेतस्थळावर आले. पाण्यात प्राणवायू शून्य होता. बाकी जे होतं ते जेवणाआधी वाचण्यासारखं नव्हतं.

वर्तमानपत्रांनी बोंब ठोकली. साहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. आपलं चुकलं कुठे, ते देवव्रतला कळेना. त्याच्या खोलीचे मालक बिंदुमाधवशास्त्री हे पिढ्यान्‌पिढ्या काशीत भिक्षुकी करणाऱ्या मराठी घराण्यातले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि सुपारीचं खांड तोंडात टाकलं.

"अहो, इथला महिना पुनवेला संपतो, आपला अवसेला. यांची चैत बदी म्हणजे आपला फाल्गुन वद्य. पाणी पाडव्याआधीच येऊन गेलं की! मी स्वतः नहाऊन आलो. छान होतं."

देवव्रतची पाचावर धारण बसली. निलंबनाची वाट पाहत तो खोलीत बसून राहिला. पण साहेब कच्च्या गुरूचे चेले नव्हते. खरी परिस्थिती लोकांपुढे यावी म्हणून ऐन उन्हाळ्यात नमुना घ्यायला आपणच सांगितलं होतं, असं त्यांनी पत्रकारांना सांगितलं. सगळे खूश झाले. दशाश्वमेध घाटावर आरतीच्या आधी देवव्रतला शाल, श्रीफळ आणि 'निर्भीड अधिकारी' अशी पदवी मिळाली. टाळ्या चालू असतानाच साहेब त्याच्या कानाशी लागले.

"ऐसे ईमानदार आदमी को वरुणा से कैसे हटाएँ? लोग क्या कहेंगे? अब तीन साल तो यहीं रहिए."

शाल खांद्यावर तशीच ठेवून त्याने स्वरदाला फोन लावला आणि बदली गेल्याचं सांगितलं.  तिने त्याच्यासाठी घरात टेबलाची जागा करून ठेवली होती, मालविकाला रोज सांगत होती. मग ती रडत रडतच म्हणाली, "शाळेत सगळे तुझंच नाव घेताहेत. मला राग आलाय तुझा, आणि अभिमानही वाटतोय. घरी यायचं सोडून खरं सांगितलंस. माझ्याच्याने झालं नसतं रे."

असं ती त्याच्याविषयी लग्नानंतर कधी बोलली नव्हती. कॅलेंडरची गोष्ट त्याच्या जिभेवर आली होती. पण ती सांगितली असती, तर बदलीही गेली होती आणि हेही गेलं असतं.

"कुणीतरी सांगायलाच हवं होतं गं," तो म्हणाला.